रिपनच्या पंचक्रोशीतील तीन चर्च

रिपनला रेल्वे जात नाही. इथले स्थानक १९६७ साली बंद झाले आणि तेव्हापासून उत्तर यॉर्कशरमधल्या या लहानशा शहरात रस्त्यानेच यावे लागते. लीड्सहून हॅरोगेटमार्गे येणारी छत्तीस क्रमांकाची बस त्यासाठी सर्वांत सोयीची आहे. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर दोन्ही बाजूंची कुरणे, दगडी कुंपणे आणि मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी लवलेली हॉथॉर्नची झुडपे पाहत प्रवास कधी संपला ते कळत नाही. माझी भाची सायली लीड्सला नोकरी करते. चार दिवसांची रजा काढून तीही माझ्याबरोबर आली, आणि तिची गाडी असल्यामुळे जिथे बस क्वचितच जाते अशा गावांना जाणे शक्य झाले.

इंग्लंडमधली चर्च पाहायला जाणारा माणूस सहसा मध्ययुगातली चर्च पाहतो. मला मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या वर्षांत, खेड्यापाड्यांतून उभी राहिलेली चर्च पाहायची होती. त्या काळात देशभर हजारो चर्च नव्याने बांधली गेली किंवा मुळापासून दुरुस्त झाली. ती जुन्या, टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीत आहेत म्हणून पुष्कळ जण त्यांना नक्कल समजून पुढे निघून जातात. मी चित्रकला शिकवण्यात आयुष्य घालवले आहे आणि मुंबईतल्या गॉथिक इमारतींची रेखाटने वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांकडून करून घेतली आहेत. त्या इमारतींमागच्या माणसांनी स्वतःच्या देशातल्या खेड्यांत काय बांधले, हे पाहण्याची इच्छा फार दिवसांची होती. रिपनच्या आसपास, गाडीने फार तर अर्ध्या तासाच्या अंतरात, त्या काळातल्या दोन वास्तुविशारदांनी बांधलेली अशी तीन चर्च आहेत: एक विल्यम बटरफील्डचे आणि दोन विल्यम बर्जेसची.

गुरुवार : रिपन

नव्याकडे जाण्याआधी खरे जुने डोळ्यांत साठवून घ्यावे म्हणून पहिला दिवस आम्ही रिपनच्या कॅथीड्रलला दिला. त्याची पश्चिम दर्शनी बाजू तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातली आहे: दोन चौकोनी मनोरे, आणि त्यांच्यामध्ये अरुंद, उंच, टोकदार कमानींच्या खिडक्यांच्या एकावर एक रांगा. फारसे कोरीवकाम नाही. जे आहे ते सगळे प्रमाणाचे आणि सावलीचे काम आहे. या शैलीला अर्ली इंग्लिश म्हणतात, आणि पुढे सहाशे वर्षांनी बर्जेसने तिच्याकडेच पाहिले.

आत गेल्यावर मात्र कॅथीड्रलचा खरा स्वभाव दिसतो. मधला मनोरा १४५० साली काही अंशी कोसळला आणि त्याची पुनर्बांधणी अर्धीच झाली. त्यामुळे मनोरा ज्या चार कमानींवर उभा आहे, त्यांपैकी दोन जुन्या, अर्धवर्तुळाकार आहेत आणि दोन नंतरच्या, टोकदार. धर्मसुधारणेच्या धामधुमीत पैसा आणि उत्साह दोन्ही आटले आणि ही विजोड चौकट तशीच राहून गेली. त्या कमानींखाली उभे राहिले की एकच इमारत किती पिढ्यांनी, किती वेगवेगळ्या मतांनी आणि अडचणींनी घडवली असेल ते समजते. खाली सातव्या शतकातले भुयारी दालन आहे. सेंट विल्फ्रिडने ६७२ साली बांधलेले हे दालन इतके अरुंद आणि साधे आहे की आत गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो. वरच्या इमारतीची दुरुस्ती १८६० च्या दशकात जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने केली. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे करणारा हाच स्कॉट. मुंबईत तो कधीच आला नाही. आराखडे लंडनहून पाठवले.

दुपारी कॅथीड्रलसमोरच्या गल्लीत चहाबरोबर यॉर्कशर कर्ड टार्ट खाल्ले. फाटलेल्या दुधाचा ताजा चोथा, बेदाणे आणि जायफळ घालून भाजलेला हा पदार्थ आहे आणि फार गोड नसतो. शाकाहारी माणसाला या भागात चीज-कांद्याची पेस्ट्री, सूप आणि ब्रेड जवळजवळ कुठेही मिळतात. टार्टमध्ये अंडे असते, एवढे लक्षात ठेवावे.

रात्री नऊ वाजता चौकात जाण्याचा आग्रह आमच्या घरमालकीणबाईंनी धरला होता, आणि त्यांचे ऐकले ते फार बरे झाले. चौकाच्या मधोमध उंच ओबेलिस्क, म्हणजे निमुळता दगडी स्तंभ आहे. तिन्हीसांजेच्या उजेडात तीन कोनी टोपी आणि लांब कोट घातलेला शिंगवाला तिथे आला आणि त्याने ओबेलिस्कच्या चारही कोपऱ्यांवर शिंग फुंकले. शहराची रात्रीची राखण सुरू झाल्याची ही वर्दी आहे आणि ती रोज रात्री देतात. परंपरेनुसार ही प्रथा ८८६ सालापासून चालत आली आहे. शिंगाचा आवाज खोल आणि लांबट होता. जमलेल्या वीस-पंचवीस माणसांत दोन शाळकरी मुलेही होती, आणि वादन झाल्यावर त्या माणसाने त्यांना शिंग हातात धरू दिले.

शुक्रवार : बाल्डर्सबी सेंट जेम्स

सकाळपासून आभाळ भरून आले होते. रिपनच्या ईशान्येला सपाट शेतांमधून जाताना निमुळता दगडी मनोरा फार लांबून दिसू लागला. गाव एवढेसे आणि मनोरा सुमारे १६० फुटांचा, त्यामुळे बराच वेळ अंतराचा अंदाजच येईना. जवळ गेल्यावर कळले की गावच मुळी चर्चच्या नावाने ओळखले जाते, कारण गाव आणि चर्च एकाच माणसाच्या इच्छेतून आणि एकाच वास्तुविशारदाच्या हातून घडले आहेत.

तो माणूस म्हणजे सातवा व्हायकाउंट डाऊन हा उमराव, आणि वास्तुविशारद विल्यम बटरफील्ड. १८५६ ते १८५८ या काळात चर्च बांधले गेले; व्हायकाउंट १८५७ च्या आरंभी वारला आणि पूर्ण झालेले काम त्याला पाहता आले नाही. चर्चबरोबर बटरफील्डने इथे शाळा, व्हिकरचे म्हणजे गावच्या धर्मगुरूचे घर, वृद्धांसाठी निवासघरे आणि मजुरांची घरेही बांधली. ही घरे पाहायला मी मुद्दाम अर्धा तास ठेवला होता आणि प्रत्यक्षात दीड तास गेला. लाल विटा, थोडे लाकूडकाम, उतरती छपरे, धुरांड्यांचे जाड खांब, यापलीकडे त्यांत काही नाही. पण कोणती खिडकी मोठी, कोणती लहान, छप्पर कुठे खाली उतरवायचे, याचा विचार त्याने चर्चइतकाच मनापासून केला आहे. शाळा शाळेसारखी दिसते, मजुराचे घर मजुराच्या घरासारखे, आणि तरीही सगळ्यांवर एकच हात फिरलेला कळतो. इंग्लंडमधली आधुनिक गृहरचना अशा घरांपासून सुरू झाली असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि ही घरे पाहिल्यावर मला ते पटले.

चर्चच्या आवाराशी पोहोचतो तोच गारांचा सडाका आला. लिचगेटच्या, म्हणजे शवपेटी क्षणभर विसावावी म्हणून आवाराच्या दाराशी बांधतात त्या छपराच्या, आडोशाला आम्ही उभ्या राहिलो. पाच मिनिटांनी फुलांच्या दोन बादल्या घेऊन एक वयस्क बाई लगबगीने आल्या. शनिवारी गावात लग्न होते आणि त्या सजावटीसाठी आल्या होत्या. “भिजू नका, आत या, मला बादल्या धरायला कुणीतरी हवेच आहे,” म्हणाल्या, आणि त्यांच्यामागून आम्ही आत गेलो.

बाहेरून राखाडी दगडाची, गंभीर दिसणारी ही इमारत आतून गुलाबीसर विटांची आहे. त्या विटांमधून फिक्या दगडाचे पट्टे आणि नक्षी गेली आहे. हे रंगकाम नाही, बांधकामच आहे. रंग भिंतीवर लावलेला नसून भिंत ज्याची बनली त्या वस्तूंचाच आहे. बटरफील्डच्या सगळ्या कामाचे सूत्र इथे आहे. रंग उडतो, ओलीने फुगतो, काजळीने काळवंडतो. वीट, दगड, संगमरवर आणि भाजलेली फरशी यांचा रंग इमारतीइतकाच टिकतो. लंडनच्या मार्गारेट स्ट्रीटवरच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये त्याने हे सूत्र पूर्ण ताकदीने आणि काहीसे आक्रमकपणे वापरले आहे. इथे त्याचा आवाज खालच्या पट्टीत आहे, आणि मला तो अधिक आवडला.

या काळातली चर्च एका ठरावीक पद्धतीने का बांधली गेली, ते थोडे सांगायला हवे. अठराव्या शतकातले चर्च मुख्यतः प्रवचन ऐकण्याची जागा झाले होते: दारे असलेले उंच लाकडी कप्पे, त्यांत पैसे भरून बसणारी कुटुंबे, आणि वेदीपेक्षा उंच प्रवचनपीठ. १८३० च्या दशकापासून ऑगस्टस प्युजिन या वास्तुविशारदाने गॉथिक हीच खरी ख्रिस्ती वास्तुकला असल्याचे जोरकसपणे मांडले. १८३९ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी कॅमडेन सोसायटी स्थापन केली आणि चर्च कसे असावे याचे जवळजवळ नियमच घालून दिले. लोक बसतात ती नेव्ह आणि वेदी असते ती चॅन्सल या दोन जागा बाहेरूनही वेगळ्या ओळखू याव्यात, आपल्याकडे सभामंडप आणि गाभारा ओळखू येतात तशा. वेदी पूर्वेला आणि पायऱ्या चढून उंचावर असावी. कप्पे काढून साधी, उघडी बाके असावीत. आणि जे साहित्य वापरले ते अस्सल असावे. बटरफील्ड त्या सोसायटीचा आवडता वास्तुविशारद होता. बाल्डर्सबीला हे नियम पाठ म्हटल्यासारखे वाटत नाहीत, कारण पायरीपायरीने वर जाताना भिंतीची नक्षी दाट होत जाते आणि नियम न सांगताच डोळा वेदीकडे जातो.

बटरफील्डचे काम मुंबईकरांना परके नाही. कुलाब्याचे अफगाण चर्च, म्हणजे सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, हेन्री कॉनिबेअरच्या आराखड्यावर बांधले आणि १८५८ च्या जानेवारीत त्याचा अभिषेक झाला. पण आतली सजावट, फरशी आणि लाकडी-धातूचे काम यांचे आराखडे बटरफील्डचे आहेत. म्हणजे पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मारकासाठी आणि यॉर्कशरमधल्या या शेतकरी गावासाठी तो जवळपास एकाच काळात काम करत होता. बाईंना मी हे सांगितले तेव्हा फुले खाली ठेवून त्या फरशीकडे निरखून पाहू लागल्या. त्यांनी चर्चच्या पाठीमागच्या खोलीत चहा केला आणि घरचा पार्किन, म्हणजे ओट आणि काकवीचा आल्याच्या स्वादाचा केक, कापून दिला. सायलीने डब्यातली थालीपीठे पुढे केली. तीळ लावलेला काठ त्यांना विशेष आवडला.

अशा गावांतली चर्च रोज उघडी असतातच असे नाही. निघण्याआधी त्या त्या चर्चच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे, किंवा किल्ली कोणाकडे असते ते दारावरच्या पाटीवर वाचावे. आत हिटर क्वचितच चालू असतो, म्हणून मे महिन्यातही लोकरीचे काहीतरी जवळ हवे.

शनिवार : स्केल्टन-ऑन-यूर

रिपनच्या आग्नेयेला सहा-सात किलोमीटरवर न्यूबी हॉल नावाची मोठी हवेली आहे आणि तिच्या आवाराच्या कडेला ‘क्राइस्ट द कन्सोलर’ हे चर्च. सांत्वन करणाऱ्या ख्रिस्ताला वाहिलेली चर्च इंग्लंडमध्ये फार थोडी आहेत. हे नाव का दिले गेले, ते समजल्याशिवाय इमारत समजत नाही.

एप्रिल १८७० मध्ये काही प्रवासी, बहुतेक इंग्रज, अथेन्सहून मॅरेथॉनचे रणांगण पाहायला गेले आणि परतताना दरोडेखोरांच्या हाती सापडले. त्यांत फ्रेडरिक व्हायनर हा तेवीस वर्षांचा तरुण होता. स्त्रियांना सोडून देण्यात आले, खंडणीची बोलणी सुरू झाली, पैसे जमवले जाऊ लागले. पण दरोडेखोरांना माफीही हवी होती आणि ग्रीक सरकार ती द्यायला तयार नव्हते. सैन्याने पाठलाग केला तेव्हा पळता पळता त्यांनी उरलेल्या चारही ओलिसांना ठार केले. ते ठिकाण डिलेसी, तारीख २१ एप्रिल. फ्रेडरिकची आई लेडी मेरी व्हायनर न्यूबीला राहत होती. खंडणीसाठी जमवलेला आणि न वापरला गेलेला पैसा तिने मुलाच्या स्मरणार्थ चर्च बांधण्याकडे वळवला, असे इथे सांगतात. फ्रेडरिकची बहीण हेन्रिएटा, म्हणजे पुढची लेडी रिपन, हिनेही आपल्या स्टडली रॉयल या जहागिरीत चर्च बांधायला घेतले. आईने आणि मुलीने दोघींनीही एकाच माणसाला बोलावले: विल्यम बर्जेसला. दोन्ही कामे १८७१ मध्ये सुरू झाली. आईचे १८७६ मध्ये पुरे झाले, मुलीचे १८७८ मध्ये.

गावातून चालत गेलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि झाडांवरून थेंब गळत होते. मोठमोठ्या वृक्षांच्या सावलीत राखाडी दगडाचे चर्च आहे, बाजूला मनोरा आणि त्यावर दगडी सुळका. आकाराने ते खेड्यातल्या चर्चएवढेच आहे, पण त्याचा प्रत्येक भाग जाडजूड आणि ठाम आहे: खिडक्यांच्या कडा खोल, टेकू भक्कम, कोरीव पुतळे भिंतीतून पुढे झेपावलेले. बर्जेसला तेराव्या शतकातल्या फ्रान्सचे वेड होते आणि इंग्रजी शैलीत काम करतानाही तो जोम त्याच्या हातातून सुटत नाही.

दार ढकलून आत गेल्यावर पहिली काही मिनिटे मला काहीच दिसले नाही. बाहेरच्या हिरव्या उजेडानंतर आतला अंधार दाट वाटला. मग हळूहळू पांढरट चुनखडीच्या भिंती उजळल्या, नंतर रंगीत संगमरवराचे सडपातळ खांब, आणि शेवटी चॅन्सलच्या कमानीवरचे मोठे शिल्प. ख्रिस्त स्वर्गाकडे जातो आहे तो हा प्रसंग. थॉमस निकोल्स हा शिल्पकार बर्जेसबरोबर वर्षानुवर्षे काम करत होता, आणि इथे दोघांचे विचार इतके एक झाले आहेत की शिल्प कुठे संपते आणि कमान कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. मुलगा गमावलेली आई बाकावर बसून रोज वर पाहील तेव्हा तिला काय दिसावे, हे बर्जेसने ठरवले होते.

खिडक्यांच्या काचा सॉन्डर्स आणि कंपनीच्या आहेत आणि त्यांची चित्रे होरेशियो लॉन्सडेल आणि फ्रेड वीक्स यांनी बर्जेसच्या देखरेखीखाली काढली. तांबडा आणि निळा हे रंग जड आहेत, पण मधूनमधून फिक्या काचेचे तुकडे सोडल्यामुळे उजेड कोंडत नाही. चॅन्सलमध्ये आणखी एक योजना आहे आणि ती नीट पाहायला हवी. खिडकीच्या दगडी जाळीचे इथे दोन पदर आहेत: बाहेरच्या पदरात काच, आणि तिच्या आत थोडे अंतर सोडून खांबांची आणि कमानींची दुसरी, मोकळी जाळी. काचेतून आलेला रंगीत उजेड आधी या आतल्या खांबांवर पडतो, संगमरवरावर पसरतो आणि मग वेदीपर्यंत पोहोचतो. ढग सरकून ऊन आले तसा काळा खांब तांबूस होताना आम्ही पाहिला. सायली स्थापत्य अभियंता आहे. भिंतीची जाडी एवढी का ठेवली असावी, याचा ती बाहेरून विचार करत होती. आत आल्यावर तिला उत्तर मिळाले.

निकोलस पेव्हस्नर या इतिहासकाराने या चर्चच्या ऐश्वर्याला काहीसे हत्तीच्या मापाचे म्हटले आहे. बाहेरून पाहताना ते बरोबर वाटते. आत बसल्यावर मात्र मला तसे वाटले नाही. इथली श्रीमंती मिरवण्यासाठी नाही. शोकाला काहीतरी काम द्यावे, हातांना आणि डोळ्यांना गुंतवावे, म्हणून ती आहे.

आता इथे नियमित प्रार्थना होत नाही. वापरातून गेलेली साडेतीनशेहून अधिक ऐतिहासिक चर्च सांभाळणाऱ्या चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्टकडे हे चर्च आहे आणि प्रवेशाला शुल्क नाही. दाराशी दानपेटी आहे, तिच्यात जरूर काहीतरी टाकावे, कारण छपराचे एक पन्हळ बदलायलाही फार खर्च येतो. छताजवळचे कोरीवकाम पाहायला लहान दुर्बीण हवी. ऊन असेल अशी दुपार निवडावी आणि तासाभराची घाई करू नये. न्यूबी हॉलच्या बागा सुंदर आहेत, त्यांचे तिकीट वेगळे आहे. आम्ही नदीकाठाने थोडे फिरलो आणि गावातल्या पबमध्ये गरम सूप आणि वेन्सलीडेल चीज खाऊन परतलो.

रविवार : स्टडली रॉयल

रिपनहून स्टडली रॉजर या वाडीपर्यंत पायवाटेने चालत गेलो आणि पूर्वेकडच्या दारातून हरणांच्या कुरणात शिरलो. समोर लिंडेन वृक्षांची लांब सरळ दुतर्फा रांग चढावर जाते, तिच्या शेवटी ओबेलिस्क आणि त्यामागे सेंट मेरीज चर्चचा सुळका. अर्ध्या वाटेवर वळून मागे पाहावे: रांगेच्या दुसऱ्या टोकाला, बरोबर त्याच रेषेत, रिपन कॅथीड्रलचे मनोरे दिसतात. तेराव्या शतकातल्या मूळ शैलीकडे तोंड करून एकोणिसाव्या शतकातले चर्च उभे आहे, आणि चालणारा माणूस त्या दोहोंच्या मध्ये असतो. कुरणात तांबडी, ठिपक्यांची आणि सिका जातीची हरणे आहेत. मे-जूनमध्ये पिले असतात, म्हणून कुत्रा बरोबर असेल तर त्याला साखळीला ठेवावे आणि गवतात शिरू नये.

स्केल्टन पाहून आल्यावर सेंट मेरीजमध्ये पाऊल टाकले की आधी थोडी निराशा होते, आणि ती बर्जेसने योजलेली आहे. नेव्ह प्रशस्त, उंच, पण संयमी आहे. मग चॅन्सलची कमान ओलांडली की सगळे बदलते. हरवलेले नंदनवन आणि पुन्हा मिळालेले नंदनवन ही कल्पना घेऊन त्याने दोन भागांची रचना केली आहे: मानवाची जागा साधी, स्वर्गाची जागा सोन्याने भरलेली. वेदीवर रंगवलेला घुमट आहे, त्यात देवदूतांच्या रांगा आहेत. दुहेरी जाळीच्या खिडक्या इथेही आहेत, पण खांब अधिक बारीक आणि नक्षी अधिक दाट. भिंतीवर पंखधारी सिंह कोरला आहे, आणि गायकांच्या लाकडी बाकांवर रंगीत पोपट बसले आहेत. खेड्यातल्या चर्चमध्ये पोपट पाहून शेजारी उभे असलेले एक लहान मूल आनंदाने ओरडले, तेव्हा देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी त्याला उचलून जवळून पोपट दाखवला.

कारागिरीच्या दृष्टीने सेंट मेरीज हे बर्जेसचे सर्वश्रेष्ठ चर्च आहे यात शंका नाही. पेव्हस्नरनेही त्याचे मनापासून कौतुक केले आहे. तरी मी स्केल्टनला झुकते माप देईन. सेंट मेरीजमध्ये प्रत्येक इंचावर प्रतिभा आहे आणि डोळ्याला विसावायला जागा थोडी. स्केल्टनमध्ये त्याच प्रतिभेला एका माणसाच्या मृत्यूने वजन दिले आहे.

नेव्हच्या बाजूला पांढऱ्या संगमरवराचे शयनस्थ पुतळे असलेली समाधी आहे. लेडी रिपन १९०७ मध्ये वारल्या, लॉर्ड रिपन १९०९ मध्ये. हेच ते १८८० ते १८८४ या काळातले हिंदुस्थानचे व्हाइसरॉय. १८२७ साली त्यांचा जन्म झाला, त्याच वर्षी बर्जेसचाही. चर्चचे बांधकाम चालू असतानाच, १८७४ मध्ये, लॉर्ड रिपन कॅथलिक झाले, आणि तरी अँग्लिकन पंथाचे हे चर्च पूर्णत्वाला गेले. ज्या घराने हे उभारले, त्या घरातल्या मतभेदाचा एकही ओरखडा इमारतीवर दिसत नाही.

समाधीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो, तेव्हा त्या गृहस्थांनी आम्ही भारतातून आलो का, असे विचारले आणि तिथे रिपन यांची आठवण आहे का, हेही. मी त्यांना सांगितले की महाराष्ट्रात ती आहे. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा त्यांच्या कारकिर्दीत रद्द झाला. १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्य संस्थांना बळ मिळाले. आणि त्याच वर्षी त्यांनी नेमलेल्या हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन देऊन सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. फोर्टमधल्या पारशी मंडळींच्या क्लबलाही रिपन यांचेच नाव आहे. त्या गृहस्थांनी फुल्यांचे नाव मला दोनदा उच्चारायला लावले आणि वहीत लिहून घेतले. मग बर्जेसबद्दल बोलणे निघाले. १८६० च्या दशकात त्याने मुंबईच्या कलाशाळेसाठी भव्य आराखडा केला होता. तो बांधला गेला नाही, परंतु त्या आराखड्याच्या निमित्ताने मुंबईत आलेला त्याचा शिष्य विल्यम एमर्सन तिथेच काम करू लागला आणि त्याने क्रॉफर्ड मार्केट बांधले. मंडईच्या दारावरची कोरीव शिल्पे पाहिली तर दगडात गोष्ट सांगण्याची बर्जेसची शिकवण ओळखू येते.

चर्चजवळच बर्जेसनेच बांधलेले गायकवृंदाच्या प्रमुखाचे घर आहे. आत जाता येत नाही, पण छपराच्या कडा आणि खिडक्या रस्त्यावरून दिसतात आणि त्या पाहण्यासारख्या आहेत. कुरणातून पुढे चालत गेले की अठराव्या शतकातली जलोद्याने आणि ११३२ साली स्थापन झालेल्या फाउंटन्स मठाचे अवशेष लागतात. हा सगळा परिसर १९८६ पासून जागतिक वारसा आहे आणि त्याला पूर्ण दिवस द्यावा.

जायचे असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सेंट मेरीज वर्षभर उघडे नसते. साधारण वसंत आणि उन्हाळ्यात, तेही दिवसाचे काही तास, म्हणून आधी वेळ पाहूनच निघावे. रिपनमध्ये तीन रात्री मुक्काम केला तर कोणतीच धावपळ होत नाही. एकच दिवस असेल तर सकाळी बाल्डर्सबी वगळून थेट स्केल्टनला जावे आणि दुपारचे ऊन स्टडली रॉयलसाठी ठेवावे, कारण दोन्ही चर्च एकाच दिवशी पाहिली तरच आई आणि मुलगी यांच्या निवडीतला फरक नीट समजतो. गाडी नसेल तर स्केल्टनसाठी टॅक्सी परतीच्या वेळेसह ठरवून घ्यावी. स्टडली रॉयलला मात्र पायीच जावे, नाहीतर त्या रांगेतून दिसणारे कॅथीड्रल हुकते.